फिल्टर कागदाचा की धुवायचा?

मंगरूळपीर,
शुक्रवार, दुपार

प्रिय जगदेव,

ज्याने हे पाकीट तुझ्या हातात दिलं त्याला आधी ओसरीवर बसव. मनकर्णावहिनींना त्याला पाणी द्यायला सांग, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून होत नाही तोवर त्याच्याशी एक अक्षरही बोलू नको. चांगलं नको, वाईट तर नकोच. आसेगावच्या शाळेत एका तरटावर बसलो तेव्हापासून मी तुझ्याकडे फार काही मागितलेलं नाही, आज एवढंच मागतो. फोन का केला नाही, हे विचारू नको. तू फोन घेतोस तो स्पीकरवर, छातीपासून हातभर लांब धरून, आणि आपलं बोलणं तुझ्या घराला, शेजाऱ्याला आणि गोठ्यातल्या म्हशीलाही कळतं. शिवाय माझं एक वाक्य पुरं होण्याआधी तुझी चार सुरू होतात. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र. मास्तरांनी छड्या मारून शिकवलेलं पुस्तकी मराठी असं कधीतरी कामाला यायचंच होतं.

परवा तू विचारलंस, गाडी झाली का. झाली. इंजिन उतरवून वाशीमहून सिलिंडर बोर करून आणलं, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, काल इंझोरीपर्यंत चालवून आणली. मागे धुराचं नाव नाही. ही सगळी मेहनत आणि सामान माझ्याकडून आहे, आणि ते का हे पुढे कळेल, तेव्हा आत्ताच भुवया चढवू नको. पण तू फोन ठेवताना म्हणालास, "अन् शफीक, फिल्टर कागदाचाच बसव. थो धुवायचा उकिरड्यावर फेकून दे. त्यानंच माह्या घरातलं पोरगं गेलं." तुझं हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून दोन दिवस ही गाडी सोडून दुसऱ्या कामाला माझा हात लागलेला नाही. पोरगं तू घालवलंस, असं मनात येतं, मग लगेच स्वतःची लाज वाटते. गाडी मार्गशीर्षापासून माझ्या शेडमध्ये, तुझा हरीओम पुण्याकडे कोणत्या तरी कंपनीच्या साहेबाची गाडी हाकायला गेला, आणि तू गावभर सांगून बसला आहेस की या गाडीच्या चावीला तो पुन्हा हात लावणार नाही. ही तिढ्याची गोष्ट फिल्टरपासून सुरू झाली, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

मिस्त्री म्हणून विचारशील तर दोन्ही फिल्टर आपापल्या जागी चांगले. कागदाचा साधा आहे. कागदाच्या घड्यांत धूळ अडते, भरला की गाडी दम टाकते, ॲव्हरेज पडतं, मग तो काढून फेकायचा आणि नवा घालायचा. त्याला अक्कल लागत नाही, आठवण लागते तेवढी. सोयाबीन निघायच्या दिवसांत गावोगाव थ्रेशर चालतात, कुटार हवेत उडतं, तेव्हा तो लवकर भरतो, पण धूळ आत जाऊ देत नाही. धुवायचा म्हणजे बारीक जाळीत बसवलेला कापूस. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याला सांभाळावं लागतं. आतून बाहेर असा पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, आणि वाळला की त्याला त्याचं खास तेल मापात द्यायचं. हे तेलाचं नीट वाच, जगदेव. त्यात धूळ पकडतं ते तेल, कापूस नाही. तेल जास्त झालं तर उडून पुढच्या सेन्सरवर बसतं आणि गाडी गचके खाते. तेलच नसलं तर बारीक धूळ सरळ इंजिनात जाते आणि सिलिंडर घासून खाते. म्हणून मी गिऱ्हाईकाला सांगतो, विसरभोळ्याला कागदाचा, काळजीवाल्याला धुवायचा.

आणि तुला कायम कागदाचा. हसू नको. तुला ती जुनी जीप आठवते ना? तुझं लग्न नवंनवं होतं. मी तेव्हा अकोल्याहून उस्तादाकडचं काम शिकून आलो होतो, आणि तू मला बोलवायच्या ऐवजी स्वतःच मिस्त्री झालास. कागदाचा फिल्टर आधी लिंबाच्या बुंध्यावर आपटलास, मग वहिनींच्या धुण्याच्या सोड्यात भिजवलास, वरून ब्रशने घासलास, आणि लवकर वाळावा म्हणून चुलीजवळ ठेवलास. अर्धा जळाला, उरलेला अर्धा तू जीपमध्ये बसवलास. गाडी खोकत खोकत माझ्या दारात आली आणि मागून तुझे बाबा काठी घेऊन आले. मी डबा उघडला, तो जळका कागद पाहिला, तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तुझ्या बाबांना म्हणालो, "काका, मालच खराब होता. याचा काई दोष नाई." तुझ्या बाबांनी मला चहा पाजला. ते गेल्यावर आपण शेडमागे पोट धरून हसलो होतो. ते खोटं मला आजपर्यंत कधी टोचलं नाही, कारण ते तुझ्यासाठी होतं आणि त्यात कुणाचं काही गेलं नाही.

तुझा हरीओम मात्र तुझ्यावर गेला नाही, वहिनींवर गेला. तुझी गाडी घेऊन तो सोमवारी आणि गुरुवारी प्रयागबाईंना आणि आणखी दोघांना डायलिसिससाठी वाशीमला न्यायचा, तेव्हा सीटवर उशी ठेवायचा, खड्डा आला की गाडी जवळजवळ उभी करायचा. आसेगावचा तो खोदून ठेवलेला रस्ता आणि त्याची धूळ तुला माहीत आहे. त्यानेच मला विचारलं, "चाचा, दर खेपेले कागद बदलवत बसन्यापरीस धुवायचा लावू का?" मी म्हटलं, सांभाळशील तर लाव. तू म्हणालास ही फॅशन आहे, पण त्याने लावला, आणि दीड वर्ष तो असा सांभाळला की माझ्या गॅरेजात कुणी काही सांभाळलेलं नाही. बोनेटच्या आतल्या बाजूला त्याने पेनाने ओळी ओढल्या आहेत, तारीख, धुतला, तेल. दर वेळेची तारीख तिथे आहे. तू कधी बोनेट उघडत नाहीस म्हणून तुला दिसलं नसेल.

आता दसऱ्याचं सांगतो. तू दर दसऱ्याला माझ्याकडे येतोस, माझे पान्हे, जॅक, हातोडे सगळं धुवून पोत्यावर ओळीने मांडतोस आणि हळद-कुंकू, झेंडूचं फूल वाहतोस. मी मुसलमान मिस्त्री आणि माझ्या हत्यारांची पूजा तू करणार, हे लोकांना नवल वाटतं, आपल्याला नाही. पहिल्या वर्षी मी तुझी पूजा झाल्यावर कुणाचे तरी ब्रेक बघायला ओळीतला एक पान्हा उचलला होता. तू महिनाभर बोलला नाहीस. पूजेत ठेवलेल्याला दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात असं बसलं की माझी बायको सितारा त्या दिवशी पोत्याजवळून झाडूसुद्धा लांबून मारते.

यंदा हरीओम आदल्या दिवशी गाडी ठेवून गेला. फिल्टर त्याने स्वतः धुतला, शेडमध्ये तारेवर सावलीत टांगला, तेलाची नवी, सीलबंद शिशी बाकावर ठेवली आणि म्हणाला, "चाचा, वाळला की तेल द्या अन् मग बसवा. सोयाबीन कापनं चालू हाये, मी बसनं जातो." दुसऱ्या दिवशी तू आलास. पोत्यावर हत्यारं मांडलीस, आणि बाकावरची ती लाल शिशी उचलून म्हणालास, "हे काय औषध हाये का गाडीचं? मंग हेबी ठेव पूजेत." ठेवलीस. हळद-कुंकवाचं बोट तिच्या झाकणाला लावलंस. संध्याकाळी तुला घाई झाली, गावात सोनं वाटायचं होतं, गाडी घेऊन जायचं होतं. फिल्टर वाळला होता. शिशी पूजेत होती. मी शिशीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि फिल्टर तसाच कोरडा डब्यात बसवला. मनात म्हटलं, एका रात्रीने काय होतं, उद्या सकाळी गाडी बोलावू आणि तेल देऊ. तुला हे बोललो असतो तर तू आढेवेढे घेत का होईना शिशी उचलून दिली असतीस, एवढा मी तुला ओळखतो. पण तू एवढ्या मनाने मांडलेली ओळ मोडायला जीभ वळली नाही.

हे वाचून तू लगेच म्हणशील, माझ्याच पूजेने इंजिन गेलं. म्हणू नको. पूजेने मला एक रात्र थांबवलं, बस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून थ्रेशरवाल्यांची रीघ लागली, कुणाचा पट्टा तुटला, कुणाची बेअरिंग गेली, पोत्यावरची हत्यारं मीच घाईघाईने उचलली, शिशी फळीवर मागे सरकली आणि मी विसरलो. ते विसरणं माझं. आणि त्याहून वाईट आहे ते आदल्या संध्याकाळचं. तू गाडी घेऊन निघालास आणि तासाभरात हरीओमचा फोन आला, "चाचा, तेल देल्लं ना?" दारात तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. ज्याला मी मांडीवर खेळवलं ते पोरगं माझं काम तपासतं आहे, हे त्यांच्यासमोर माझ्या नाकाला झोंबलं. मी म्हणालो, "हो रे, देल्लं. मले शिकवून राह्यला का बे?" तो बिचारा हसला आणि म्हणाला, "नाई चाचा, लिहून ठेवाचं होतं." उद्या देणारच होतो, म्हणून आजच दिलं म्हणालो. एवढीशी फुशारकी, जगदेव. हा मिस्त्री कधी चुकत नाही असं तू बारा गावांत सांगतोस, त्या मिस्त्रीने एवढ्यासाठी खोटं बोलावं.

नंतर त्याने डबा उघडून पाहिला नाही. कशाला पाहील? पुढच्या धुण्याची वेळ आली नव्हती आणि चाचाने तेल दिलं म्हटलं होतं. अडीच महिने त्या धुळीच्या रस्त्यावर गाडी कोरड्या कापसातून श्वास घेत होती. मार्गशीर्षात वाशीमहून येताना ती निळा धूर टाकायला लागली, ऑइल पिऊन बसली, आणि तू ती ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आणलीस. आपण तिघं बोनेटपाशी उभे होतो. मी डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं, आणि पाहताक्षणी मला कळलं. हरीओमने हात आत घालून फिल्टरवरून बोट फिरवलं. बोटाला चिकट काही लागलं नाही, नुसती धूळ. त्याने बोट पाहिलं आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी प्लगकडे पाहत होतो. तू तेव्हा ओरडतच होतास, "तुया त्या फॅशननं इंजिन खाल्लं! कागद नाई चालत होता तुले?" जगदेव, त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. चाचांनी तेल दिलं नाही, बस. बोनेट तर डोक्यावर उघडंच होतं, त्यावर लिहिलेलं होतं. त्याने बोट पॅन्टला पुसलं आणि म्हणाला, "चुकलं बाबा माह्यं." मग तू चार माणसांत त्याला जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. तुला आठवतं आणि मलाही. मी तिथेच उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते दोन महिने मी भोगलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही स्वतःला सांगून पाहिलं. पण वहिनी सिताराला फोनवर सांगतात की पोरगा रोज फोन करतो आणि 'जेवलो' यापुढे बोलत नाही. प्रयागबाई सोमवारी आणि गुरुवारी बसस्टँडवर तोंडाला पदर लावून उभ्या दिसतात. काल तर मला पाहून म्हणाल्या, "शफीकभाऊ, हरीओमची गाडी कवा सुरू होते रे?" आणि गेल्या आठवड्यात सिताराने रमजानच्या आधीची सफाई काढली. शेडमधल्या फळीच्या मागून ती लाल शिशी तिच्या हाताला लागली. दारात येऊन म्हणाली, "ये शीशी तो बंदच है जी. और इसपे हल्दी-कुंकू किसने लगाया?" मी तिला सगळं सांगितलं. तिने शिशी माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. रोजे तोंडावर आले आहेत. दिवसभर उपाशी राहून हे पोटात ठेवणं मला जमणार नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की दोष कागदाचा नव्हता, कापसाचा नव्हता आणि तुझ्या पोराचा तर मुळीच नव्हता. मला हवं ते बोल. गावात सांग, पारावर बसून सांग, मी खाली मान घालून ऐकेन. येत्या दसऱ्याला आला नाहीस तरी मी समजेन, पण आलास तर हत्यारं मीच धुवून ठेवेन. गाडीत सध्या कागदाचा नवा फिल्टर आहे, तो तुझ्या दारापर्यंत येण्यापुरता. धुवायचा मी स्वच्छ धुवून, वाळवून मागच्या सीटवर ठेवला आहे आणि त्याच्याजवळ ती शिशी आहे. तिचं सील मी तोडलं नाही आणि झाकणावरचं तुझं बोटही पुसलं नाही. कोणता फिल्टर बसवायचा हे तू ठरवू नको, मीही ठरवणार नाही. ज्याच्या हातात चावी असेल त्याला ठरवू दे.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाहेर जा आणि बोनेट उघड. दसऱ्याच्या तारखेपुढे त्याच्या अक्षरात दोन शब्द आहेत, 'तेल – चाचा'. ते त्याने खोडले नाहीत आणि तुला दाखवलेही नाहीत. तुझ्या बाबांपुढे मी तुझ्यासाठी जे केलं होतं तेच तुझ्या पोराने तुझ्यापुढे माझ्यासाठी केलं, फक्त त्यानंतर शेडमागे जाऊन हसायला त्याच्यासोबत कुणी नव्हतं. पाकिटात काय आहे हे त्याला माहीत नाही, त्याला वाटतं गाडीचे कागद आहेत. काल रात्रीच्या बसने तो पुण्याहून आला, कारण मी त्याला फोन करून म्हणालो, "हरीओम, तुया बापानं तुले बोलावलं. गाडी घेऊन ये म्हन्ते." त्याने विचारलं, "बाबानं सोता म्हटलं, चाचा?" मी हो म्हणालो. जगदेव, तुझ्या पोराशी मी बोललेलं हे दुसरं खोटं आहे. पहिल्याने तुझं इंजिन गेलं, आणि ते माझ्या हातून व्हायचं होतं ते झालं. हे दुसरं खरं करणं आता तुझ्या हातात आहे, आणि तो ओसरीवर बसला आहे.

तुझाच,
शफीक